खुंटीवरचे फडके

एकदा एका म्हाताऱ्या रफूगराने आपल्या उंबऱ्यावर एक भारी शाल अंथरली आणि दारात उभ्या असलेल्या शिष्येला म्हटले, "पाय पुसून आत ये." शाल त्या शिष्येच्या दिवंगत वडिलांची होती. म्हाताऱ्याला वेड लागले, असे तुम्हाला वाटेल. तिलाही तसेच वाटले. म्हणून ही हकिकत पहिल्यापासून सांगायला हवी.

हे रफूगर नदीकाठच्या एका गावात राहत. सगळे त्यांना तात्या म्हणत. फाटलेले वस्त्र त्याच्याच धाग्यांनी असे भरून काढायचे, की कुठे फाटले होते ते मालकालाही सापडू नये, ही त्यांची विद्या. त्यांच्याकडे कपडे घेऊन येणारे बरेच होते. पण काहीही न फाटता नुसते येऊन बसणारे त्याहून जास्त. कोणाचे भावाशी पटत नसे, कोणाची लेक सासरी रुळत नसे. तात्या सुई न थांबवता ऐकत आणि उठताना एखादे वाक्य बोलत. लोकांना तेवढे पुरे.

कोणतेही वस्त्र हाती आले की तात्या प्रथम ते खिडकीच्या उजेडासमोर धरत. कापड कुठे विरले आहे, घालणारा कोणत्या खांद्यावर ओझे वाहतो, आधी कोणी टाका घातला आहे आणि तो घाईने घातला की जिव्हाळ्याने, हे सारे उजेडात दिसते. "आधी वाचायचं, मग सुई धरायची," एवढाच त्यांचा धडा होता.

विशाखा ही त्यांची शिष्या. गावातल्या मोठ्या कापडव्यापाऱ्याची सून. वडील गेल्यावर त्यांची शाल तिने माहेराहून आणली होती. शालीला कसर लागली, तेव्हा ती रफूसाठी तात्यांकडे आली. तात्या म्हणाले, "वडील तुझे, शाल तुझी. मी कशाला शिवू? बस इथे, शीक." घरी नोकरचाकर असलेली ती सून मग दररोज दुपारी खिडकीशी बसून चिंध्यांवर टाके घालू लागली. दोन वर्षे तात्यांनी तिला त्या शालीला हात लावू दिला नाही.

विशाखा हुशार होती, मनाने चांगली होती आणि कामाला वाघीण होती. अशा माणसाला स्वस्थ बसवत नाही. घरोघरी ट्रंका भरून कपडे पडलेले असतात, कोणाला सैल होतात, कोणाला घट्ट, आणि चार घरे पलीकडे तेच कोणाला हवे असतात, हे तिने हेरले. मार्गशीर्षात थंडी पडू लागली, तेव्हा तिने देवळाच्या सभामंडपात कपड्यांच्या अदलाबदलीचा मेळा भरवला. नियम साधा होता. जेवढे आणाल तेवढे न्या. धुऊन आणा, घडी घालून आणा. चौकशी कोणी कोणाची करायची नाही.

मेळा रंगला. गुरवांच्या मुलाचा कोट तेल्याच्या मुलाला बसला. नव्या नवरीने आपले भरजरी जाकीट देऊन एक जाड रजई पसंत केली आणि सगळ्या बायका तिला हसल्या. कुंभारवाड्यातल्या बायका आधी खांबाआड उभ्या होत्या, मग हळूहळू पुढे आल्या. त्यांत सगुणाबाई होत्या. नवऱ्यामागे नातीला घेऊन राहणाऱ्या, विशाखाच्याच घरी धान्य निवडायला येणाऱ्या. त्यांनी पदराखालून एक पुरुषी बंडी काढली, चटईवर ठेवली, तळहाताने दोनदा सारखी केली आणि आपल्या नातीसाठी एक हिरवे परकर-पोलके उचलले.

विशाखाच्या घरून दोन मोठी गाठोडी आली होती. परत काय नेले? काही नाही. सासूबाईंनी पदर सावरत म्हटले, "आपल्याला काय कमी आहे?" विशाखालाही ते पटले. किंबहुना, खरे सांगायचे तर तिला त्याचा जरा अभिमानच वाटला. आपल्याकडे देणाऱ्याने ताठ उभे राहायचे आणि घेणाऱ्याने पायाच्या अंगठ्याकडे बघायचे, अशी रीतच पडली आहे. ती इतकी जुनी आहे, की चांगल्या माणसांनाही ती खुपत नाही.

संध्याकाळी बरेच कपडे उरले. चांगले होते ते तिने वेगळे ठेवले. जाडेभरडे होते ते घरी नेले, उभे फाडले आणि त्यांची फडकी केली. घराला फडकी लागतातच. त्यांतल्याच एकात तिने तात्यांसाठी तिळाच्या तेलाची बरणी गुंडाळून नेली. तात्यांनी बरणी घेतली, फडके पाहिले, ते धुतले आणि खिडकीजवळच्या खुंटीवर वाळत टाकले. ते तिथेच राहिले.

पौषातली गोष्ट. विशाखा माजघरात समया घासून पुसत होती आणि सगुणाबाई सुपात मसूर निवडत होत्या. विशाखा उत्साहाने मेळ्याविषयी बोलत होती. पुढच्या वर्षी मांडव घालू, पलीकडच्या गावालाही बोलावू, असे बेत चालले होते. बोलता बोलता तिच्या लक्षात आले, की मसुराचा आवाज थांबला आहे. सगुणाबाई उठल्या होत्या. "जाते मी वहिनी. बरं वाटंना," एवढेच म्हणाल्या. सूप तसेच अर्धे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर ते हिरवे परकर-पोलके होते. धुतलेले, व्यवस्थित घडी घातलेले. त्यानंतर सगुणाबाई त्या घराची पायरी चढल्या नाहीत.

विशाखाला वाईट वाटले. नंतर तिला रागही आला. आपण काय कमी केले या बाईसाठी? दोनदा तिने निरोप पाठवला, उत्तर आले नाही. तेव्हा तिने मनाशी ठरवून टाकले, की बाई मानी आहे, मानी माणसाचे भले करणे अवघड असते. असे ठरवले की आपल्याला बरे वाटते. तिला मात्र पुरते बरे वाटले नाही, कारण दर वेळी मसूर शिजवताना तिला ते अर्धे सूप आठवे.

सहा-सात महिने गेले. तात्यांनी एके दिवशी शाल तिच्या हाती दिली आणि म्हणाले, "आता बस." चार महिने ती त्या शालीवर बसली. कसरीने खाल्लेले प्रत्येक भोक तिने भरले. वडिलांच्या खांद्याचा भाग रफू करताना तिला रडू येई, आणि मग टाका चुकू नये म्हणून ती थांबे.

मार्गशीर्षात दुसरा मेळा भरला. मांडव घातला होता, सनई होती. गाठोडी तर इतकी आली, की चटया पुरेनात. पण कुंभारवाड्यातून एकही बाई आली नाही. तिकडच्या नाहीत, म्हणून कोष्टीवाड्यातल्याही नाहीत. आलेल्यांपैकी प्रत्येक घराला द्यायचे होते, घ्यायचे कोणालाच नव्हते. सगळे एकमेकांना आग्रह करत होते आणि सगळेच हात जोडून "नको, आमच्याकडे भरपूर आहे," म्हणत होते. संध्याकाळी मांडवात कपड्यांचा ढीग आणि त्याशेजारी विशाखा, एवढेच उरले.

दुसऱ्या दिवशी ती तात्यांकडे गेली. हातात ती शाल होती; पुरी झालेली.

"तात्या, मेळा मोडला. माझं काय चुकलं तेच मला कळत नाही. मी कोणाला वाईट बोलले नाही, कोणाला कमी लेखलं नाही. सगुणाबाईंनी तर घरचं काम सोडलं, नातीचे कपडे परत आणून टाकले. देणाऱ्याने अजून किती द्यायचं?"

तिने शाल पुढे केली. "ही तुमच्यासाठी. तुम्ही शिकवलंत म्हणून ती वाचली. गुरुदक्षिणा समजा."

तात्यांनी शाल घेतली, उजेडासमोर धरली. बराच वेळ त्यांचे बोट एकेका जागी थांबत गेले. "खांद्यापाशी तर मलाही सापडत नाही," ते म्हणाले. तिचा चेहरा खुलला.

मग ते आत गेले. त्या दिवशी ओटा नुकताच सारवला होता आणि विशाखाच्या पावलांना ओले शेण लागले होते. तात्यांनी दाराच्या आतून ती शाल उंबऱ्यावर पसरली, नीट, चारी टोके ओढून, आणि म्हणाले, "पाय पुसून आत ये."

तिला वाटले, आपण चुकीचे ऐकले.

"ये ना. शेण लागलंय पायाला."

"तात्या, ही... ही अण्णांची शाल आहे."

"होती. आत्ताच मला दिलीस. माझ्याकडे पायपुसणं नाही, म्हणून अंथरली."

विशाखाने पाऊल उचलले नाही. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. राग, अपमान, दुःख, सगळे एकदम आले. ती खाली वाकली, घाईघाईने शाल उचलून तिने छातीशी धरली आणि म्हणाली, "मला दुसरं काही म्हणा तात्या. मला मारा. पण हे काय?"

"चार महिने खपलीस ना हिच्यावर?"

"चार महिने! तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं. आता खुंटीवरचं ते फडकं घे आणि उजेडासमोर धर."

ते फडके वर्षभर तिथे लटकत होते. ती दररोज त्याच्याशेजारी बसत होती. पाय न पुसताच ती आत आली, सारवलेल्या जमिनीवर पावले उमटली. कोणालाच त्याचे भान नव्हते. तिने फडके घेतले, खिडकीशी धरले आणि दोन वर्षांत शिकलेल्या नजरेने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले.

ती एका बंडीची उभी फाडलेली डावी बाजू होती. कापड जाडेभरडे, पण काखेत ठिगळ होते, आणि ते ठिगळ बाहेरून आणलेले नव्हते. बंडीच्याच आतल्या दुमडीतून कापून घेतले होते, रंग वेगळा दिसू नये म्हणून. गळ्याची कड नव्या दोऱ्याने घातलेली होती. पाचही काजे उसवून पुन्हा केली होती, बारीक, एकसारख्या टाक्यांनी. त्यांतून एकदाही गुंडी गेली नव्हती. कोणीतरी म्हाताऱ्या डोळ्यांनी, कित्येक दिवस बसून, ही बंडी देण्याजोगी केली होती.

"टाकायला आणलेल्या कपड्याला माणूस नवी काजं करत नाही," तात्या म्हणाले.

विशाखाला चटईवर बंडी सारखी करणारा तो तळहात आठवला. मग माजघर आठवले. समई पुसत आपण बोलत होतो, हातात काळ्या काजळीने माखलेले फडके होते, तेही याच कापडाचे, याच बंडीची उजवी बाजू. समोर सगुणाबाई होत्या. आपण पुढच्या वर्षीच्या मांडवाचे बेत सांगत होतो.

"त्यांच्या मालकांची होती ही," ती म्हणाली. "त्यांनी त्यांच्या माणसाची बंडी मला दिली आणि मी तिनं समई पुसली. त्यांच्यासमोर."

तात्यांनी आपला जाड भिंगांचा चष्मा काढून ठेवला.

"पोरी, तू वाईट नाहीस. तू मेळा भरवलास, पण स्वतः त्यात उतरली नाहीस. तुझ्या घरानं दोन गाठोडी दिली आणि काही घेतलं नाही. जो कधी घेत नाही, त्याला दुसऱ्यानं काय दिलं ते दिसत नाही. त्याला फक्त काय उरलं ते दिसतं. सगुणेनं काही मागितलं नव्हतं. तिनं दिलं होतं, तुझ्याइतकंच. कदाचित जास्त. तिला एवढंच हवं होतं, की कोणीतरी ते अंगावर घालावं." ते थोडे थांबले. "आणि सगळा दोष तुझ्यावर टाकू नको. मीही त्या मेळ्यात होतो. बंडी मीही पाहिली. मला सैल झाली असती, एवढ्या कारणावरून मी पुढे गेलो. म्हणून तर ती खुंटीवर ठेवली, येता-जाता मला दिसावी."

"मला वर्षभर का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू एक भारी लुगडं घेऊन तिच्या दारात गेली असतीस."

हे अगदी खरे होते. विशाखाला भर दुःखात हसू आले आणि ते हसू पुन्हा रडण्यात गेले.

"आता काय करू? दुरुस्त करून परत देऊ त्यांना?"

"परत?" तात्या म्हणाले. "तिनं परकर परत आणून ठेवला, तेव्हा तुला कसं वाटलं होतं?"

घरी जाऊन विशाखाने फडक्यांचे टोपले उपडे केले. उजवी बाजू तळाशी होती, समईच्या काजळीने काळी. तिने ती रिठ्याने धुतली, शिकेकाईने धुतली, चार वेळा उन्हात घातली. काजळी बरीच गेली, पण छातीपाशी तळहाताएवढा काळसर डाग राहिला तो राहिलाच. मग तात्यांच्या खिडकीशी बसून तिने दोन्ही बाजू पाठीवर जोडल्या. शालीवर जितक्या निगुतीने बसली होती, तितक्याच निगुतीने. काजांना तिने हात लावला नाही. त्यांना हात लावण्याची गरज नव्हती.

पौषातल्या एका सकाळी तिने ती बंडी अंगात घातली. रेशीमकाठी लुगड्यावर जाडीभरडी पुरुषी बंडी. सासूबाई म्हणाल्या, "हे काय ध्यान? लोक काय म्हणतील?" विशाखा म्हणाली, "विचारलंच तर सांगेन, की सगुणाबाईंनी दिली." आणि तात्यांनी बजावल्याप्रमाणे रिकाम्या हाताने ती बाजारपेठेतून चालत कुंभारवाड्याकडे निघाली. लोकांनी पाहिले. एकदोघे हसलेही. तिला लाज वाटली, खूप वाटली, आणि त्या लाजेतच तिला कळले, की पहिल्या मेळ्यात खांबाआडून चटईपर्यंतची दहा पावले त्या बायका कशा चालल्या असतील.

सगुणाबाई दारात भट्टीच्या राखेने तवा घासत होत्या. त्यांनी वर पाहिले. हात थांबला. कितीतरी वेळ त्या बंडीकडेच पाहत राहिल्या.

"सगुणाबाई, ही मी घेतली," विशाखा म्हणाली. "वर्षभरापूर्वीच घ्यायला हवी होती. मी ती फाडली. मला दिसलंच नाही तुम्ही काय आणलं होतं ते. माझं चुकलं."

सगुणाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि त्या जवळ आल्या. विशाखाला पाठमोरी वळवून त्यांनी जोडावरून बोट फिरवले. मग पुढे येऊन काळ्या डागापाशी थांबल्या.

"हितं काळं ऱ्हायलं."

"राहिलं. निघत नाही."

"ऱ्हाऊ द्या. त्येंचंबी काम भट्टीवरचंच व्हतं. त्येंच्या अंगावर कवा डाग नव्हता?" त्या म्हणाल्या. "मी रडले न्हाई त्या दिशी तुमच्या घरी. वाटेत रडले."

विशाखाने मान खाली घातली. गार वारा सुटला होता. सगुणाबाईंनी तिच्या गळ्याशी हात नेला आणि बंडीची वरची गुंडी त्या नव्या, कधीच न वापरलेल्या काजातून ओढून घेतली.

"लावत जा ही. छातीला वारं लागतंय," त्या म्हणाल्या. आणि थोडे थांबून, आत डोकावणाऱ्या नातीकडे न बघता, अगदी सहज विचारल्यासारखे त्यांनी विचारले, "त्यो हिरवा परकर हाय का वो अजून?"

"आहे."

"मंग उद्या येते न्ह्यायला. पोरगी वाढलीया, खाली पट्टी जोडावी लागंल. आन् मसूर काढून ठेवा."

पुढच्या मार्गशीर्षात मेळा पुन्हा भरला, मांडव आणि सनईवाचून. नियमात एकच भर पडली होती. जो मेळा भरवतो, त्याने सर्वांदेखत आधी घ्यायचे आणि मग द्यायचे. विशाखा त्या दिवशी दारात बसली नव्हती; कुंभारवाड्यातल्या बायकांच्या मागे रांगेत उभी होती, अंगात तीच बंडी होती. तात्या विशाखाने दिलेली ती शाल पांघरून आले होते आणि स्वतःला सैल होणारा एक अंगरखा घेऊन समाधानाने घरी गेले.

ज्या घरी आपण नेहमी काही ना काही देऊन येतो, त्या घरी एकदा काही मागून पाहावे.